थेंब एकीकडे, बिघाड दुसरीकडे: जुनी डिझेल एसयूव्ही गळते आणि घाटात बंद पडते तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2011 सालची कॉमन रेल (म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक पाइपातून मोठ्या दाबाने डिझेल मिळतं अशी) डिझेल एसयूव्ही, सेकंड हँड, घेऊन चार महिने झालेत, मीटरवर 1,68,000 किलोमीटर. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी दोन-तीन ठिकाणी डाग पडलेले असतात. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात गाडी तीनदा बंद पडली, तिन्ही वेळा इंजिन चांगलं तापल्यावर. वीस-पंचवीस मिनिटं थांबलात की काही झालंच नव्हतं अशी चालू झाली. एक गॅरेजवाला म्हणाला डिझेलचा पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल गेले. दुसरा म्हणाला इंजिन उतरवून सगळी ऑइल सीलं बदलू. आता यातलं खरं कोण, आणि गाडी ठेवावी की विकून मोकळं व्हावं, असं तुम्ही विचारताय.

मी कराडजवळ हायवेला डिझेल गाड्यांचं काम करतो, सत्तावीस वर्षं झाली. घाट चढून आलेली, टो करून आणलेली गाडी आमच्याकडे नवीन नाही. त्यामुळे तुमची धाकधूक कळते. पण गाडी समोर नसताना कुणी छातीठोक सांगत असेल की अमुकच खराब आहे, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही ठेवू नका. मी कारण सांगणार नाही, कारण कसं शोधायचं ते सांगतो. यातलं निम्मं काम तुम्ही घरी पैसा न खर्चता करू शकता.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन तक्रारींची गाठ एकत्र मारली आहे. गळते म्हणून बंद पडते, असं तुमच्या मनाने घेतलंय. आजवरचा माझा अनुभव उलटा आहे. फरशीवर ठिबकणारी गळती आणि इंजिन बंद पाडणारी गळती बहुतेक वेळा वेगवेगळ्या निघतात. डिझेल गाडीला बंद पाडणारी गळती तर कित्येकदा एक थेंबही खाली पाडत नाही, कारण तिथून डिझेल बाहेर येत नसतं, हवा आत जात असते. दोन्हींचा संबंध जोडणाऱ्या एक-दोन जागा आहेत खऱ्या, त्या पुढे सांगतो. पण सुरुवात दोन वेगळे आजार समजूनच करा.

शोधाशोध करण्याआधी एक बघा. गाडीखालचं द्रव बोटाला लावलं आणि ते पातळ, पिवळसर, बोटाला गुळगुळीत लागलं, आणि डाग चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ड्रायव्हरच्या पायाच्या खाली असेल, तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा. ती खाली गेली असेल तर गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. डिझेल ठिबकत असेल तेव्हाही तेच, विशेषतः सायलेन्सरच्या पाइपाजवळ असेल तर. बाकीच्या गळत्यांना पातळीवर लक्ष ठेवून चार दिवस दम काढता येतो.

आता डागांकडे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. पुढची चाकं कुठे येतात त्याच्या खुणा पेनाने करून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब नेमका कशाच्या खाली पडलाय ते कळेल. मग रंग आणि वास. इंजिन ऑइल काळं किंवा तपकिरी, त्याला जळका वास. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारंगी, बोटाला किंचित चिकट, वास गोडसर. चाखायच्या भानगडीत पडू नका, विषारी असतं, आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर तो डाग लगेच धुऊन टाका. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बहुतेक गाड्यांत लाल, जुनं झालं की तपकिरी. गिअर ऑइल दाट, आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास, एकदा घेतला की आयुष्यात विसरत नाही. डिझेल तुम्ही ओळखताच. आणि एसी लावून आला असाल तर डाव्या बाजूला साध्या पाण्याचं थारोळं साचतं, ते एसीचं पाणी. त्यासाठी पावसाळ्यात दरवर्षी दोन-चार गिऱ्हाईकं घाबरून येतात.

पुठ्ठ्यावरून काय गळतंय ते कळतं, कुठून गळतंय ते कळत नाही. इथेच लोक फसतात, मिस्त्रीही फसतात. ऑइल गुरुत्वाने खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. थेंब जिथे पडतो ती त्याची शेवटची जागा, उगम वर आणि पुढे. म्हणून नियम असा की ओलं दिसणारी सगळ्यात वरची जागा शोधायची, सगळ्यात ओली जागा नाही.

हे मी पैसे मोजून शिकलोय. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गाडी आली, इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडावरून ऑइल ठिबकत होतं. मी बघितलं आणि सांगितलं, मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याभोवतीची ऑइल अडवणारी रिंग, गेलं. दोन दिवस घालवून गिअर बॉक्स उतरवला, सील बदललं, क्लच प्लेट काढलीच आहे तर तीही नवी घाला म्हटलं. आठवड्याने तो माणूस परत आला, थेंब जिथल्या तिथे. मग आरसा घेऊन इंजिनच्या पाठीमागे बघितलं तेव्हा दिसलं की टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात पॅकिंग कडक होऊन चिरलंय, आणि तिथून ऑइलची एक बारीक रेघ इंजिनच्या पाठीवरून खाली उतरून बरोबर त्या जोडावर येतेय. एका पॅकिंगचं काम होतं. गिअर बॉक्सची मजुरी मी परत केली. तेव्हापासून कुणी मागचं सील म्हटलं की मी आधी आरसा आणि टॉर्च काढतो. तुमचा दुसरा गॅरेजवाला इंजिन उतरवायचं म्हणतोय, त्याला एवढंच विचारा की वरून टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा कोरडा आहे का, आणि तो दाखवा म्हणावं.

उगम शोधायचा तर इंजिन स्वच्छ पाहिजे. इतक्या वर्षांचा चिखल आणि ऑइल मिळून जी काळी साय बसलेली असते तिच्यात काहीच दिसत नाही. धुऊन घ्या, पण दोन गोष्टी सांभाळून. अल्टरनेटर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंगचे कपलर (जोड) प्लास्टिकने झाकायचे आणि प्रेशरचा फवारा त्यांच्यावर थेट मारायचा नाही. दुसरं, आपल्याकडे वॉशिंग सेंटरला गाडी खालून धुतली की वर डिझेल किंवा जुनं ऑइल फवारतात, गंज चढू नये म्हणून. ते स्पष्ट नको म्हणून सांगा. एक तर त्याने रबरी बुश आणि पाइप फुगतात, आणि दुसरं म्हणजे सगळ्या गाडीलाच तेल फासल्यावर गळती कुठली शोधणार? गाडी विकायच्या आधीही इंजिनला असंच चकाचक करतात. तुम्ही घेतली तेव्हा बॉनेटखाली सगळं काळंभोर चमकत होतं का, आठवून बघा.

धुऊन वाळल्यावर संशयित जागांवर टाल्कम पावडर मारा, साधी अंगाला लावायची. तीस-चाळीस किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्चने बघा. पांढऱ्या पावडरीत ऑइलची वाट अशी उमटते की बोट ठेवून दाखवता येते. एवढ्याने नाही कळलं तर ऑइलमध्ये यूव्ही डाय, म्हणजे खास दिव्यात चमकणारा रंग, घालून निळ्या दिव्याने बघतात. पण दहातल्या आठ वेळा माझं पावडरीवर भागतं.

जागा साधारण ठरलेल्या असतात. वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग. पुढे क्रँकचं पुढचं सील, पट्ट्याच्या पुलीमागे. बाजूला ऑइल फिल्टरचं बूड, आणि अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असेल तर त्याची ऑइलची नळी, ही जागा हमखास विसरली जाते. टर्बोवरून ऑइल परत आणणारा पाइप, खाली चेंबरचं, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्याचं, पॅकिंग. यातलं काही ओलसर आहे म्हणजे लगेच खर्च करायलाच हवा असं नाही. पाझरणं वेगळं, थेंब पडणं वेगळं. पॅकिंगच्या कडेला धूळ चिकटून ओलसर पट्टा दिसत असेल आणि डिपस्टिकवरची पातळी महिनोन्महिने हलत नसेल तर मी गिऱ्हाईकाला सांगतो, राहू द्या, बघत राहा.

एक मात्र आधी तपासा, नाहीतर नवी सीलंही वर्षभरात गळतील. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून तोंडावर नुसतं टेकवून ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर चालतं. नाचून खाली पडत असेल, आतून भकभक धूर येत असेल, तर इंजिनच्या पोटात दाब साठतोय. कधी कारण स्वस्त असतं, तो दाब बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप किंवा त्याचा वॉल्व चिकटाने बुजलेला असतो, साफ केला की काम झालं. कधी कारण महाग असतं, पिस्टन रिंगा झिजून जळका वायू खाली उतरतोय. ब्रीदर साफ करूनही झाकण नाचतंच असेल तर सीलांवर पैसे घालू नका, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. पोटातला दाब कुठून तरी वाट काढणारच, एक सील बदललं की तो दुसरं शोधतो. तुमच्याकडे डाग दोन-तीन ठिकाणी पडतात म्हणता, म्हणून हा मुद्दा जरा ठासून सांगतोय.

डिपस्टिक बघताना ऑइल कमी झालंय का एवढंच बघू नका, वाढलंय का तेही बघा. महिन्याभरात पातळी वर चढली, ऑइल पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये उतरतंय, नोझलकडून किंवा पंपाच्या सीलमधून. ही गळती फरशीवर कधीच दिसत नाही आणि सगळ्यात वाईट हीच. बेअरिंगं जातात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागतं. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही. अशी गाडी चालवू नका.

कूलंटचं थोडक्यात सांगतो. वॉटर पंपाच्या खाली मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की तिथून गळायला लागतं. गरम इंजिनवर थेंब सुकतो, म्हणून खाली डाग नसला तरी भोकाखाली हिरवट-पांढरा क्षाराचा थर दिसतो. बोअरचं पाणी घालून गाडी चालवली असेल तर रेडिएटरच्या सांध्यांवर तोच थर, शिवाय आत क्षार साचून इंजिन तापतं. बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी मात्र कमी होतंय, सकाळी गार इंजिनवर होज पाइप दाबला तर टणक लागतोय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या पॅकिंगचा, संशय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला की लोक हादरतात. कोकणात पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीनच किलोमीटर फिरत असेल तर वाफ जमून नुसत्या झाकणाला तसा फेस येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र खरं. आणि गळती बंद करायचं म्हणून बाटलीतलं जे औषध मिळतं ते रेडिएटरमध्ये घालू नका. ते गळती बुजवतं आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

आता तुमचा मोठा प्रश्न, घाटात बंद पडणं. गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर चालू होते, ही फार उपयोगाची खूण आहे. गेलेला पंप वीस मिनिटांच्या विश्रांतीने बरा होत नाही. कमजोर झालेला पंप होऊ शकतो, म्हणून पहिल्या गॅरेजवाल्याला मी खोटं पाडत नाही. पण पंप हा शेवटचा संशयित, पहिला नव्हे.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की घाबरून चावीशी झटापट करू नका. आधी जीव सांभाळा. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंतच पुरतो. म्हणून ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा. पार्किंग लाइट लावा, डावीकडे घ्या, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. थांबल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, चाकामागे दगड.

मग मीटरकडे बघा. चावी ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? नेहमी लागणारा दिवा आता लागतच नसेल तर ईसीयूला करंट पोचत नाही. मेन रिले (करंट जोडणारा स्विच), फ्यूज किंवा अर्थिंगची पट्टी बघायची. दिवा लागत असेल तर सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरत असताना काटा शून्याच्या थोडा वर, दोनशे-अडीचशेच्या आसपास थरथरला पाहिजे. इंजिन फिरतंय आणि काटा मेल्यासारखा शून्यावर, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळत नाहीये. तो सेन्सर म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांत तारेची गुंडाळी, इंजिनच्या अंगाला चिकटून बसलेली. आत तार कुठे तडकली असेल तर गरम झाल्यावर फाकते, गार झाल्यावर पुन्हा टेकते. ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून तो डिझेल सोडत नाही. लक्षणं अगदी तुमच्यासारखीच, आणि दुरुस्ती पंपाच्या तुलनेत किरकोळ. काही गाड्यांत काटा दुसरीकडून सिग्नल घेतो, म्हणून ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, पण दिशा नक्की देते.

गाडी बंद कशी पडते हेही आठवा. चालता चालता कुणी स्विच बंद करावा तशी एका झटक्यात गेली, तर बहुतेक वीज. आधी दम तोडायला लागली, पिकअप गेला, दोन-चार हिसके दिले आणि मग मेली, तर बहुतेक डिझेल. तुम्ही लिहिलंय "हळूहळू पिकअप जातो आणि मग बंद". हे वाक्य तुमच्या सगळ्या प्रश्नात सगळ्यात मोलाचं आहे. तिन्ही वेळा असंच झालं असेल तर माझा कल डिझेलच्या बाजूला आहे.

डिझेलकडे बघायचं तर टाकीपासून सुरू करायचं, पंपापासून नाही. टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे की इंजिनवरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. टाकीत पंप असेल तर पाइपात दाब असतो, चीर पडली की डिझेल बाहेर ठिबकतं. इंजिनवरचा पंप ओढत असेल तर टाकी ते पंप हा सगळा पाइप स्ट्रॉसारखा चोखला जातो. फाटक्या स्ट्रॉने उसाचा रस पिऊन बघा, रस सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच इथे. रबरी पाइप जुना होऊन क्लिपेखाली तडकलेला असतो, फिल्टरच्या डोक्यावरची रबरी रिंग मागच्या सर्व्हिसला दुमडून बसलेली असते, हँड प्रायमरचा, म्हणजे हाताने डिझेल चढवायच्या पंपाचा, वॉल्व हवा घेतो. फरशी कोरडी ठणठणीत. सपाटीवर चालून जातं, घाटात इंजिनला जास्त डिझेल लागतं, ओढ वाढते, आणि गरम झालेलं रबर मऊ पडून हवा जास्त घेतं.

तपासायला सोपं आहे. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात वीतभर पारदर्शक नळी जोडायची, डिझेल चालेल अशी, आणि इंजिन चालू करून बघत बसायचं. सुरुवातीला थोडे बुडबुडे जातात, मिनिटभरात थांबले पाहिजेत. थांबत नसतील, किंवा रेस केल्यावर साखरेच्या पाकासारखा फेस धावायला लागला, तर हवा येतेय. मग एकेक सांधा मागे मागे जात टाकीपर्यंत पोचायचं. ही नळी जोडायला सांगा म्हटल्यावर एखादा मिस्त्री वेळ नाही म्हणाला, तर गॅरेज बदला.

त्याच फेरीत फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात काढा. दहा मिनिटांत खाली पाणी बसलं तर पाणी. टाकीचं झाकण उघडताना फुस्स करून हवा आत ओढली गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय. पुढच्या वेळी घाटात दम जातोय असं वाटलं की थांबून झाकण ढिलं करून बघा. आणि हे सांगा, तिन्ही वेळा टाकीत डिझेल किती होतं? पावपेक्षा कमी असेल तर घाटात डिझेल मागे सरकतं आणि आतला पाइप उघडा पडू शकतो.

पाटणकडची एक गाडी आठवते. चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की दम तोडायची, अर्धा तास थांबलं की ठीक. पंप खोलून झाला होता, दोन नोझल बदलून झाले होते. आम्ही टाकी उतरवली. आत तळाला रुपयाएवढं चंदेरी सील फिरत होतं, डिझेलमध्ये टाकायच्या औषधाच्या बाटलीच्या तोंडाचं. गाडी चालली की ते तरंगत येऊन ओढणाऱ्या पाइपाच्या जाळीला चिकटायचं, इंजिन बंद झालं की ओढ संपून गळून पडायचं. मालकाने ते सील पाकिटात घालून नेलं.

हे सगळं ठीक निघालं तर मग पंप आणि नोझलकडे वळायचं. तेव्हाही स्कॅनर लावून रेल प्रेशर, म्हणजे त्या सामाईक पाइपातला दाब, बघितल्याशिवाय नाही. सेल्फ मारताना साधारण दोनशे बारच्या (बार हे दाबाचं माप) वर दाब चढला नाही तर कॉमन रेल गाडी चालूच होत नाही, नोझल उघडायची परवानगीच मिळत नाही. गार असताना चढतो आणि गरम असताना चढत नाही, म्हणजे पातळ झालेलं डिझेल कुठून तरी परत पळतंय. कुठून, हे बघायला चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं. तीन बाटल्यांत तळाला बोटभर आणि चौथी अर्धी भरली, तर तो एक नोझल. चारही सारख्याच आणि मापात, तर नोझल निर्दोष, मग पंप किंवा त्याच्यावरचा प्रेशर वॉल्व. हे माप इंजिन गरम असताना घ्यायचं. तुमचा आजार गरमपणाचा आहे, गार गाडीचा रिपोर्ट घेऊन उपयोग नाही. चारही नोझल सरसकट बदला म्हणणाऱ्याला विचारा, बाटल्या लावल्या होत्या का?

इथे एक जीवावरचं सांगतो, कारण जुने मिस्त्री अजून करतात. पूर्वीच्या साध्या पंपाच्या गाड्यांत नोझलचा पाइप चालू इंजिनवर ढिला करून कुठला सिलिंडर मिस करतोय ते बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही, करू द्यायचं नाही. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब चढतो. सुईएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि हात आतून सडतो. गळती शोधायला चालू इंजिनवर हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. कुणाला तशी धार लागलीच तर जखम छोटी दिसते म्हणून थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

वर म्हटलं होतं की गळती आणि बंद पडणं यांना जोडणाऱ्या जागा असतात. मी बघितलेल्या दोन सांगतो. पॉवर स्टिअरिंगचा पाइप किंवा टॅपेट कव्हर ठिबकून ऑइल क्रँक सेन्सरच्या कपलरवर पडतं, तिथलं रबर फुगतं, पिना सैल होतात. कपलर काढून आत बघा, आत ऑइल दिसलं तर आधी स्वच्छ करून, पिना घट्ट करून बघा, सेन्सर नंतर. दुसरी जागा कूलंट. ते कमी होत होत इंजिन तापतं आणि काही गाड्यांत ईसीयू ताकद कापतो. पण मग टेंपरेचरचा काटा वर गेलेला असतो. तुम्ही काट्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो, तो कुठे होता?

मी तुमच्या जागी असतो तर या शनिवारी पुठ्ठा टाकला असता, रविवारी सकाळी गार इंजिनवर इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि स्टिअरिंग ऑइल या चारही पातळ्या बघितल्या असत्या आणि ऑइलच्या झाकणाचा नाच बघितला असता. याला काही लागत नाही. त्यानंतर डिझेल फिल्टर नवा, टाकी ते पंप रबरी पाइप आणि क्लिपा नव्या. इतक्या जुन्या गाडीला हे तसंही करायचंच होतं. मग पारदर्शक नळी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि घाट चढून बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होईल कदाचित, पण कशाने झाली ते कळणार नाही, आणि वर्षाने तेच परत आलं की तुम्ही पुन्हा शून्यावर.

ठेवावी की विकावी, हे मी आत्ता सांगणार नाही. झाकण नाचत नसेल आणि डिपस्टिक साफ असेल तर इंजिनात जीव आहे, बाकीचं सगळं पाइप, पॅकिंग आणि सेन्सरचं काम. झाकण नाचत असेल तर हिशेब वेगळा. त्या हिशेबात आणखी एक धरा. 2011 च्या गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपायच्या बेतात असेल किंवा संपलंही असेल. आरसी बुकावरची तारीख बघा. नूतनीकरणाला आरटीओत गाडी तपासून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर लागतो. ऑइलने माखलेली गाडी तिथे न्यायची नाही.

पुठ्ठ्याचा फोटो काढून ठेवा, चाकांच्या खुणांसकट. आणि घाटात पुन्हा बंद पडली तर तीन गोष्टी तिथल्या तिथे लिहून घ्या: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलला का, टेंपरेचरचा काटा कुठे होता, टाकीत डिझेल किती होतं. एवढं हातात असलं की घाटाच्या पायथ्याच्या पोफळीवरून फोन केलात तरी पुढचं सांगता येईल.